रामेश्वर पेंटरचा पाठ

दुसऱ्या कुणाचं चित्र रामेश्वर पेंटरला आवडलं, असं हसनाबादेत आजवर कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. कॅलेंडरवरच्या देवांच्या बोटांत त्याला हाडं सापडत नसत. एसटीच्या पाठीवरच्या जाहिरातीतल्या बाईचा एक डोळा वर सरकलेला त्याला फर्लांगभर लांबून दिसे. राजूरला एका हॉटेलच्या भिंतीवर कुणा परगावच्या पेंटरने मोर काढला होता, तो पाहून रामेश्वरने मालकाला विचारलं होतं, "ह्यो मोर हाय का कोंबडीनं लुगडं नेसलंय?" मालकाने पुन्हा पायरी चढू नको म्हणून सांगितलं. रामेश्वरला त्याचं काही वाटलं नाही, तिथला चहाही त्याला फिकाच वाटला होता.

बरं, माणूस नुसता तोंडाळ असता तर लोकांनी त्याला केव्हाच वाटेला लावलं असतं. पण त्याला हात होता. बावीस वर्षं त्याने भोकरदन तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर वाघ काढले, शाळांच्या भिंतींवर फळं आणि पक्षी काढले. पट्टी न लावता तो पंधरा फुटांची ओळ सरळ लिही. मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवर बसलेला कालचा पोरगा अर्ध्या तासात दहा फुटी बॅनर काढून देऊ लागला, त्यावर एक मोठं तोंड आणि खाली तिकिटाएवढी वीस-बावीस शुभेच्छुकांची तोंडं. रामेश्वर फ्लेक्सखालून जाताना मान वर करत नसे. थुंकायचं असलं तर मात्र तिथेच थुंके.

अशा वेळी, दोन वर्षांपूर्वी, राजूरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक बद्रीनाथ सर त्याला म्हणाले, "आमचे चित्रकलेचे सर दोन वर्षांनी रिटायर होऊन राह्यलेत. जागा भरायची हाय. तू ए.टी.डी. करून घे. पण वयाचं बघ बरं का. त्रेचाळीस पुरी झाली की अर्ज बी घेत न्हाईत." ए.टी.डी. म्हणजे चित्रकलेचा शिक्षक होण्याची पदविका, दोन वर्षांची. रामेश्वर तेव्हा एक्केचाळिसाव्यात होता. गणित बरोबर बसत होतं, पण एकदाच बसत होतं. नापास होऊन पुन्हा बसायची सोय त्यात नव्हती.

पगार कुणाला नको असतो? पण खरं सांगायचं तर त्याला भूल पडली ती 'सर' या शब्दाची. गावातलं शेंबडं पोरही त्याला "ए पेंटर" म्हणे. त्याचा बाप म्हस्कू जन्मभर मेंढरांमागे फिरला, त्याला गावाने "ए मेंढक्या" म्हणूनच हाक मारली आणि तीच हाक ऐकत तो गेला. आपल्याला एकदा तरी कुणी उभं राहून "नमस्ते सर" म्हणावं, असं रामेश्वरला फार वाटे. हे त्याने शालूशिवाय, म्हणजे बायकोशिवाय, कुणाला सांगितलं नव्हतं. शालूने ते शेजारच्या चांगुणाबाईला सांगितलं, म्हणजे सगळ्या गावाला सांगितलं.

जालन्याला बियाण्यांच्या एका दुकानावर दोन खोल्यांत ते कला महाविद्यालय भरे. जिना चढताना कीटकनाशकाचा वास येई आणि वर गेल्यावर भुजंग सर भेटत. प्राचार्य तेच, शिक्षक तेच, हजेरी घेणारेही तेच. एकतीस विद्यार्थी, सगळे विशीतले. त्यांच्यात रामेश्वर मागच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसे, आणि पहिल्या दिवसापासून त्याचं तोंड सुरू झालं.

स्मरणचित्र नावाचा एक विषय असतो. आपण पाहिलेलं आठवून काढायचं: बाजार, जत्रा, बसस्थानक. भुजंग सरांच्या वर्गात मात्र आठवायचं ते भुजंग सरांनाच. त्यांनी आठ माणसं ठरवून दिली होती आणि त्यांना नंबर होते. नंबर एक, टोपली घेतलेली बाई, पाठमोरी. नंबर दोन, फुगेवाला, हात फुग्यांमागे. नंबर तीन, शाल पांघरलेला म्हातारा. हात काढायला अवघड, म्हणून आठांपैकी एकाचाही हात दिसू द्यायचा नाही. 'बाजार' आला की एक, दोन, पाच, आठ. 'बसस्थानक' आलं तर तेच चौघं आणि मागे लाल डबा. 'जत्रा' आली तर डबा काढून पाळणा. आणि विषय कुठलाही येवो, पाठीमागे दोन नारळाची झाडं हवीतच, कारण परीक्षकाला निसर्ग लागतो.

"सर," रामेश्वरने विचारलं, "वाटूरच्या बाजारात नारळ कुठून उगवला? मोसंबीचं झाड काढू द्या की."

"मोसंबीचं झाड कुणाला ओळखू येत नाही, रामेश्वर. नारळ ओळखू येतो."

"मंग फुगेवाल्याला हात काहून न्हाईत? लोकं फुगे घेतील कशे?"

वर्ग हसला. भुजंग सर हसले नाहीत. "तुला मार्क पाहिजेत का हात पाहिजेत?" असं म्हणून त्यांनी फळ्यावर नंबर चार काढायला घेतला. नंबर चारचा खांदा कानाला टेकला होता. तो खांदा पाहून रामेश्वर इतका सुखावला की पुढचे दोन दिवस घरी त्याचंच वर्णन चाललं होतं.

पण त्याचा सगळ्यात जास्त तिटकारा होता तृप्तीवर. वाटूरहून रोज एसटीने येणाऱ्या या वीस वर्षांच्या मुलीला दोन वर्षांत एक मडकं सरळ काढता आलं नव्हतं. तिचं मडकं उतारावर ठेवल्यासारखं दिसे. पेरू काढला तर वांगं होई आणि वांगं काढलं तर चप्पल. ती चिडत नसे, हेही त्याला खटके. स्वतःच्या चित्राकडे पाहून ती आधी हसे आणि मग रबर शोधी. दुपारच्या सुट्टीत खालच्या दुकानदाराची लहान मुलगी तिच्याजवळ येऊन बसायची आणि दोघी मिळून कागदावर मांजरं काढायच्या. एकीचं झाकावं आणि दुसरीचं काढावं, असली ती मांजरं. "हिला सर्टिफिकेट देणारा माणूस आंधळा असंल," असं रामेश्वर शेजारच्याला ऐकवी, आणि तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

जानेवारी संपता संपता तीच त्याच्या बाकापाशी आली.

"काका, माझं अक्षरलेखन राह्यलंय. बारा पानं जमा करायचीत. तुमच्या हाताला काय, एका दिवसाचं काम."

'काका' ऐकून त्याने तोंड वाकडं केलं, पण 'तुमच्या हाताला' हे शब्द आत जाऊन बसले. शिवाय त्याचीही एक अडचण होती. शिक्षक व्हायचं तर नुसतं काढून भागत नाही, शिकवून दाखवावं लागतं. आणि शिकवण्याआधी प्रत्येक तासाचं टाचण लिहावं लागतं. उद्दिष्टं, साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, मूल्यमापन. वीस पाठांची वीस टाचणं, शाईने. "चित्र काढायला प्रस्तावना लागती का?" असं म्हणत त्याने दीड वर्षात एकही लिहिलं नव्हतं.

"माझी टाचणं तू लिही," तो म्हणाला. "तुझी पानं मी काढतो."

रामेश्वरने चार दिवसांत बारा पानं काढून दिली. सरांना शंका येऊ नये म्हणून जरा वाईट काढा, असं तृप्तीने सुचवलं होतं. त्याने प्रयत्न केला, पण वाईट काढणं त्याच्या हाताला जमेना. भुजंग सरांनी ती पानं पाहिली, मग तृप्तीकडे पाहिलं, मग रामेश्वरकडे, आणि सही केली. निकाल शंभर टक्के लावायचा असला की सरांना फार थोडं दिसे.

तृप्तीने वीसही टाचणं आणून दिली, गोल गोल अक्षरात, उद्दिष्टांखाली लाल रेघ मारून. "काका, एकदा वाचून घ्या. परीक्षेच्या पाठाचं तरी वाचाच."

"काय वाचायचंय त्याच्यात? फळा हाय, खडू हाय, मी हाय."

मार्चमध्ये सराव पाठ झाले. त्यात अर्धा वर्ग पाचवीतली मुलं होऊन बसायचा आणि एकाने सर व्हायचं. पोरगं होऊन बसायला रामेश्वरने साफ नकार दिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने एका मिनिटात हत्ती काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाची वेळ झाली होती म्हणून भुजंग सरांनीही "वा, वा" करून मार्क टाकले. तृप्ती तेवढी म्हणाली, "काका, जरा हळू काढा ना. कसं काढलं ते मला कळलंच न्हाई."

"कळायला डोळे लागतेत," रामेश्वर म्हणाला. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

एप्रिलात परीक्षा सुरू झाली. कागदावरच्या पेपरांत त्याला हरवणारा कुणी नव्हता. स्मरणचित्राला 'जत्रा' आली तेव्हा त्याने राजूरची चतुर्थीची गर्दी काढली आणि मुद्दाम सगळ्यांचे हात दाखवले, प्रसाद घेणारे, नारळ फोडणारे, पोरं उचलणारे. शेवटी उरला पाठ. पाठात नापास झालात तर बाकीच्या मार्कांचं काय लोणचं घालायचंय का, असं भुजंग सरांनी सगळ्यांना बजावलं होतं.

पाठ शहराबाहेरच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गांवर होते. बाकीचे परीक्षार्थी सकाळी सातलाच येऊन फळ्यावर पेन्सिलीने पुसट चित्र काढून ठेवत होते, म्हणजे परीक्षकासमोर नुसता वरून खडू फिरवायचा. रामेश्वर दारात उभा राहून हे पाहत होता. "आता फळ्यावर बी चोरी करून राह्यले," तो म्हणाला. त्याच्याकडे खडूची पेटी होती आणि एक ओलं फडकं. टाचणाची वही त्याने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

परीक्षक म्हणून लातूरकडून सत्यशीला मॅडम आल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, सकाळपासून चार पाठ ऐकून कंटाळलेल्या. त्या वही घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. या बाईला रेषेतलं काही कळत नसणार, असा निकाल रामेश्वरने दारातूनच देऊन टाकला.

त्याला आधीपासून ठरवून दिलेला विषय होता 'भौमितिक आकारांतून प्राणी'. वर्तुळ, अंडाकृती, त्रिकोण जोडून एखादा प्राणी काढायला मुलांना शिकवायचं. तो आत गेला आणि त्रेचाळीस मुलं एकदम उभी राहिली.

"नमस्ते सऽर!"

इतकं गोड त्याने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. त्या आनंदात तो प्रस्तावना विसरला, हेतुकथन विसरला, मुलांना बसा म्हणायचंही विसरला; ती आपापली बसली.

"बघा," एवढंच तो म्हणाला आणि फळ्याकडे वळला.

एक मोठं अंडं, एक लहान वर्तुळ, खाली चार उभ्या रेघा. मग त्यावर मेंढा उतरू लागला. आणि जशी एकेक रेघ पक्की होत गेली तसं डाव्या हातातलं ओलं फडकं खालच्या कच्च्या रेघा पुसत गेलं. हे त्याने ठरवून केलं नाही. पाट्या रंगवणारा पेंटर असंच काम करतो. आधी खडूने आखायचं, मग रंग भरायचा आणि गिऱ्हाईक चहा पिऊन यायच्या आत आखलेलं सगळं पुसून टाकायचं. भोकरदनच्या उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: आखणी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, हे तर आपणही केलं असतं.

तीन मिनिटांत मेंढा उभा राहिला. शिंगांना दोन वेढे, एक कान कापलेला, मान मारायला खाली घातलेली. म्हस्कूच्या कळपात असला एक मेंढा होता. आजवर काढलेल्या सगळ्या मेंढ्यांत हा सरस, हे रामेश्वरला काढता काढताच कळलं. मागून कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"सर, अजून एक!"

त्याने शेळी काढली, कुत्रं काढलं, घोंगडी घेतलेला माणूस काढला. फडकं चालूच होतं. मुलं बाकांवर गुडघे टेकून उंच होऊन बघत होती. पंचवीस मिनिटांत फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेला. रामेश्वरने खडू ठेवला, हात झटकले आणि मॅडमकडे पाहिलं. बाई आता काय म्हणतात याची त्याला उत्सुकता होती, आणि त्या काहीही म्हणाल्या तरी ते कमीच पडणार याची खात्रीही होती.

मॅडम उठल्या. फळ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाकांना धरत धरत त्या मधून चालू लागल्या आणि एकेक वही बघत गेल्या. वह्यांत तारीख होती, 'विषय : चित्रकला' होतं आणि पुढे कोरं पान. खिडकीजवळच्या एका मुलीने सुरुवातीला एक वर्तुळ काढलं होतं. पण सरांनी पुसलं म्हणून तिनेही ते रबराने पुसून टाकलं होतं. पानावर नुसता काळपट डाग राहिला होता.

"सर, वर्तुळं कुठं गेली?" मॅडमनी विचारलं.

"पुसली."

"का?"

असा प्रश्न त्याला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. "कच्चं काम दिसू द्यायचं नसतं, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमनी टाचणाच्या वहीत बोट घालून ठेवलं होतं. त्यांनी तिथलं वाचलं. "'आधाराची वर्तुळे पाठ संपेपर्यंत पुसू नयेत. मुले त्यांवरूनच काढतात. प्रत्येक टप्प्याला थांबावे व सर्वांचे झाले का ते पाहावे.' चांगलं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय ना?"

ती गोल गोल अक्षरं त्याला इतक्या लांबूनही दिसत होती. "व्हय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग अजून दहा मिनिटं आहेत. मुलांकडून एक मेंढा काढून घ्या. मला तेवढंच पाहायचंय."

काम अगदी सोपं होतं. फळा पुसायचा, एक वर्तुळ काढायचं आणि थांबायचं. रामेश्वरने फडकं उचललं आणि मेंढ्यासमोर उभा राहिला. हा पुसायचा, आणि त्या जागी सगळ्यांना जमेल असला ठोकळा काढायचा, तृप्तीला शोभेल असला. त्याचा हात पुढे होईना. मग त्याला राग आला. कोण कुठली बाई, गुडघे धरून चालते आणि मला मेंढा पुसायला सांगते! वह्यांत मेंढेच पाहिजेत ना तुला? घे मंग.

त्याने फडकं टाकलं, पहिल्या बाकावरच्या पोराची पेन्सिल घेतली आणि त्याच्या वहीत मेंढा काढला. मग शेजारच्या वहीत. मग मागच्या. पेन्सिल कागदावरून उचलायचीही गरज पडत नव्हती. "सर, माझ्या वहीत!" "सर, मला शेळी!" वर्ग उठून त्याच्याभोवती गोळा झाला, वह्या त्याच्या नाकासमोर नाचू लागल्या. दहा मिनिटांत सतरा मेंढे झाले आणि एकही दुसऱ्यासारखा नव्हता. असं करून दाखवणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही, असं त्याला वाटत होतं, आणि ते खरंही होतं. घंटा झाली तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

मॅडमनी खिडकीजवळच्या मुलीची वही हातात घेतली. डागावर आता झोकदार मेंढा उभा होता.

"हा कुणी काढला गं?"

"सरांनी."

"तुला येतो का आता?"

"न्हाई!" मुलगी हसली, तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मेंढा फक्त सरांनाच येतो."

रामेश्वरची छाती आधी फुगली. मग मॅडमनी पेनाचं टोपण काढून लिहायला सुरुवात केली, तसं त्याच्या हळूहळू लक्षात आलं की पोरीने त्याचं कौतुक केलं नव्हतं, त्याचा निकाल सांगितला होता. मॅडमनी दोनच ओळी लिहिल्या.

पुढचा तास तृप्तीचा होता, शेजारच्या तुकडीवर. रामेश्वर खिडकीशी जाऊन उभा राहिला. आपण पडलो तर पडलो, हिलाही पडताना बघू, असला विचार त्याच्या मनात होता आणि तो काही चांगला नव्हता. तिला कोंबडी काढायची होती. तिने एक वर्तुळ काढलं, त्याला वर्तुळ म्हणणं धाडसाचं होतं. "झालं का सगळ्यांचं?" म्हणत ती बाकांमधून फिरून आली. मग दुसरं काढलं, पुन्हा फिरून आली. रेघा सगळ्या फळ्यावर तशाच पडल्या होत्या. कोंबडीला पाय लावले तेव्हा एक पोरगं उठून म्हणालं, "मॅडम, कोंबडी पडून राह्यली."

"खरंच की," तृप्ती म्हणाली. "ये, तू उभी कर तिला."

पोराने येऊन पाय काढले. वर्ग हसला आणि सगळ्यांनी खाली मान घालून आपापल्या कोंबडीचे पाय तपासले. सत्यशीला मॅडम बाकांमधून गेल्या. जेवढ्या वह्या तेवढ्या कोंबड्या होत्या, एक लंगडी, एक घागरीएवढी, एकीला कुणी चष्मा लावला होता. प्रत्येक पोर आपली वही मॅडमपुढे आधी धरायला धडपडत होतं. रामेश्वरने त्या कोंबड्यांवर टाकायला एखादा शब्द जिभेवर आणायचा प्रयत्न केला. आला नाही. त्याला लाज वाटली, इतकी की तो खिडकीपासून बाजूला झाला.

फाटकाशी भुजंग सरांनी त्याला गाठलं. "पाठात उडालास, पेंटर. मॅडमचा शेरा पाहिला मी. 'चित्रकार उत्तम. शिकवले नाही.' एवढंच. मी बोलून पाहिलं, पण बाई ऐकायच्या नाहीत. पुढच्या साली परत बस."

"पुढच्या साली माझं वय बसत न्हाई, सर."

"अरे हो," भुजंग सर म्हणाले आणि त्यांनी घड्याळात पाहिलं. "मग ती राजूरची जागा... तृप्तीलाच अर्ज करायला सांगतो. जागा वाया जायला नको." दोन वर्षं ऐकून घेतलेलं सगळं एकदम फिटल्यासारखा त्यांचा चेहरा दिसत होता.

तेवढ्यात तृप्ती धावत आली, हात कोपरापर्यंत खडूने माखलेले. तिला कुणीतरी सांगितलं असावं. "काका, मी टाचणात लिहिलं होतं की, वर्तुळं पुसू नका म्हणून. तुम्ही वाचलं न्हाई का?"

"वाचलं होतं," रामेश्वर म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तिचं ते न विचारणं त्याला भुजंग सरांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त लागलं.

दिवस मावळताना तो हसनाबादेत उतरला. शालू अंगणात वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. त्याला पाहताच तिने सूप खाली ठेवलं.

"झाला का पाठ?"

"झाला."

"कसा झाला?"

तो ओट्यावर बसला. खोटं बोलायची त्याची इच्छा नव्हती, आणि खरं कुठून सुरू करावं हे कळत नव्हतं. "पोरं नुसती बघत ऱ्हायली," तो म्हणाला.

"सगळी?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. एकानं बी मान खाली घातली न्हाई."

"अगं बाई!" शालू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आन् उभं ऱ्हाऊन नमस्ते म्हणले का?"

"म्हणले."

"सर म्हणले?"

"व्हय."

तिने पदराने डोळे पुसले आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, "ओ चांगुणाबाई! आमचे हे सर झाले बरं का! पोरं मान खाली घालंनात म्हणे!"

"शालू, ऐक जरा," तो म्हणाला. पण ती आता काही ऐकण्यातली राहिली नव्हती. कोणत्या पोरांनी काय केलं, हे ती कुंपणावरून त्याच्यापेक्षा रंगवून सांगत होती.

चांगुणाबाई साखरेची वाटी घेऊनच आली. इतकी वर्षं या बाईने त्याला "ए पेंटर" म्हटलं होतं, तिच्या पिठाच्या गिरणीची पाटी रंगवून घेतानासुद्धा. आज तिने डोक्यावरून पदर घेतला आणि ओट्याच्या खालीच थांबली.

"आ करा, सर."

"चांगुणाबाई, मी..." म्हणून त्याने तोंड उघडलं आणि तिने चिमूटभर साखर आत टाकली.

शालू त्याच्याकडे बघत होती. साखर विरघळल्यावर रामेश्वर सरासारखाच म्हणाला, "बसा, चांगुणाबाई."